शंख कोणत्या थरातला?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत राहिले. त्यांच्या नावाने दगडांविषयी बोलायची संधी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. माझा विषय समुद्रातल्या जुन्या प्राण्यांचा आहे : शंख, शिंपले, समुद्री अर्चिन, आणि आज पृथ्वीवर कुठेही जिवंत नसलेले ॲमोनाइट. यांना पाठीचा कणा नाही, हाडे नाहीत. वर्तमानपत्रात बातमी येते ती डायनासोरची. पण खडकांच्या थरांची कालगणना बसवली ती मुख्यतः या कणा नसलेल्या प्राण्यांच्या आधाराने. ती कशी बसली आणि त्यासाठी काय लागते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सुरुवात देवघरापासून करू. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी शाळिग्राम आहे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते ते बाळकृष्णाशी किंवा शाळिग्रामाशी. हा काळा, गुळगुळीत गोटा येतो नेपाळातल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून, मुक्तिनाथाच्या परिसरातून. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे, आणि गोट्याच्या आतले चक्र मात्र समुद्रातल्या प्राण्याचे आहे. ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे आजपासून साधारण पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वी, तेथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात ॲमोनाइटचे कवच येऊन पडले. तळाशी प्राणवायू कमी होता. मऊ शरीर कुजताना जिवाणूंनी आसपासच्या चिखलाचे रसायन बदलले, कवचाभोवती खनिजे साकळली आणि वरच्या गाळाच्या भाराने चिखल दबण्याआधीच तेथे एक कठीण गोळा तयार झाला. म्हणूनच आतले कवच चपटे झाले नाही. त्याच जिवाणूंच्या कामातून लोह आणि गंधक एकत्र येऊन पायराइट बनले. काही शाळिग्रामांत सोनेरी चमक दिसते ती त्याची. पुढे भारताचा भूखंड आशियाला भिडला, समुद्राचा तळ उचलला गेला, आणि नदीने मऊ पंकाश्म झिजवून कठीण गोळे मोकळे केले.

आपल्या परंपरेने हे दगड फार बारकाईने पाहिले आहेत. चक्रे किती, द्वार कुठे, रंग कोणता, यांवरून शाळिग्रामांना वेगवेगळी नावे आहेत. वज्रकीट नावाचा जीव दगडात ही चक्रे कोरतो, असे मानले गेले. म्हणजे या आकृतीचा कुठल्या तरी जिवाशी संबंध आहे, हे पाहणाऱ्यांना जाणवले होते. मला हे निरीक्षण महत्त्वाचे वाटते आणि त्याचा आदर वाटतो.

पण भूशास्त्राच्या दृष्टीने नदीतल्या शाळिग्रामात एक उणीव राहते. तो आपल्या थरातून सुटला आहे. डोंगरातले पंकाश्म शेकडो मीटर जाडीचे. हा गोटा तळातून सुटला की माथ्याजवळून, त्याच्या खाली कोण होते आणि वर कोण, हे तो स्वतः सांगू शकत नाही. त्याचा पत्ता हरवलेला असतो. आजचे माझे सगळे बोलणे या पत्त्याभोवतीच फिरणार आहे.

आधी थोडे पायाभूत. मेलेला प्राणी जीवाश्म होणे ही अपवादात्मक गोष्ट आहे. बहुतेक शरीरे खाल्ली जातात, कुजतात, विखुरतात. टिकायचे तर कठीण भाग हवा आणि त्यावर लवकर गाळ पडायला हवा. जमिनीवर गाळ साचण्यापेक्षा झीजच जास्त होते. उथळ समुद्राच्या तळावर गाळ येत राहतो. शिंपल्याला कठीण कवच असते आणि त्याचे घरच गाळात असते. म्हणून जीवाश्मांच्या नोंदीत समुद्री अपृष्ठवंशींचा वाटा प्रचंड आहे. एका टेकडीवर डायनासोरचे एक हाड मिळायला नशीब लागते. शिंपल्यांचे थर पावलापावलाला असतात.

टिकण्यातही भेद आहेत, आणि ते विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावेत. कॅल्शियम कार्बोनेटचे दोन प्रकार कवचांत आढळतात, कॅल्साइट आणि अरॅगोनाइट. कॅल्साइट टिकाऊ, अरॅगोनाइट पाण्यात लवकर विरघळणारे. ॲमोनाइटचे कवच अरॅगोनाइटचे होते, ब्रॅकिओपॉड प्राण्यांपैकी बहुतेकांचे कॅल्साइटचे. त्यामुळे एकाच थरात ब्रॅकिओपॉड कवचासकट मिळतात आणि ॲमोनाइटचा फक्त आतला साचा मिळतो, कवचात शिरून घट्ट झालेल्या गाळाचा. ब्रॅकिओपॉड आणि शिंपला यांत नवशिका हमखास गोंधळतो, कारण दोघांनाही दोन झडपा. शिंपल्याच्या दोन झडपा बहुधा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. ब्रॅकिओपॉडच्या दोन झडपा एकमेकींहून वेगळ्या, पण प्रत्येक झडप मध्यरेषेवर दुभागली तर दोन्ही बाजू सारख्या. हे एकदा हातात धरून पाहिले की पुन्हा विसरत नाही.

आता पत्त्याकडे. १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचे डोके विच्छेदनासाठी फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्याकडे आले. ज्यांना लोक 'जीभदगड' म्हणत ते डोंगरात मिळणारे दगड म्हणजे शार्कचेच दात आहेत, हे त्याला दिसले. दात डोंगराच्या पोटात कसे गेले, हा पुढचा प्रश्न. १६६९ मध्ये त्याने उत्तर छापले : गाळ थराथरांनी साचतो, खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आज शाळेतले मूलही हे सांगेल, पण आमच्या शास्त्राची सारी इमारत या एका वाक्यावर उभी आहे.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी इंग्लंडमध्ये कोळसा वाहण्यासाठी कालवे खणले जात होते. विल्यम स्मिथ हा मोजणीदार त्या कामावर होता. त्याच्या लक्षात आले की दिसायला हुबेहूब सारखे दोन चिकणमातीचे थर त्यांतल्या जीवाश्मांवरून वेगळे ओळखता येतात, आणि जीवाश्मांचा खालून वर जाणारा क्रम गावोगावी तोच राहतो. १८१५ मध्ये त्याने इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. लक्षात घ्या, उत्क्रांतीचा सिद्धांत तेव्हा यायचा होता. हे प्राणी असे का बदलत गेले हे स्मिथला ठाऊक नव्हते. क्रम मात्र त्याने अचूक पकडला.

या पद्धतीला धार दिली ती म्युनिकच्या आल्बर्ट ओपेलने. १८५६ ते १८५८ या काळात त्याने पश्चिम युरोपातल्या ज्युरासिक थरांची तुलना करून त्यांचे झोन पाडले. ठरावीक प्राणी जेवढ्या जाडीत एकत्र आढळतात तो एक झोन, मग खडक चुनखडीचा असो की चिकणमातीचा. या कामी ॲमोनाइटइतके उपयोगी कुणी नाही. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत, समुद्रभर पसरत, संख्येने भरपूर असत, आणि कवचावरच्या नक्षीने ओळखूही येत. ज्युरासिक काळ साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचा. ॲमोनाइटांनी तो इतका बारीक विभागला आहे की युरोपात एकेक झोन सरासरी दहा लाख वर्षांच्याही आत येतो. किरणोत्सारी पद्धतींनी वर्षांचे आकडे पुढे मिळाले. क्रम ओपेलच्या पिढीने लावून ठेवला होता. १८६५ मध्ये ओपेल वारला तेव्हा तो अवघा चौतीस वर्षांचा होता. श्लागिंटवाइट बंधूंनी हिमालयातून, स्पिती आणि तिबेटातून नेलेले जीवाश्मही त्याने तपासले होते. शाळिग्रामांचे हे सख्खे भाऊबंद.

स्पितीच्या त्या थरांवर पुढे व्हिक्टर उलिगने १९०३ ते १९१० या काळात भला मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली चित्रे आजही अभ्यासक उघडून बसतात. पण त्याच्या हाती आलेल्या पुष्कळ नमुन्यांबरोबर नेमक्या थराची नोंद नव्हती. एवढा परिश्रमी, एवढा विद्वान माणूस. जातींची वर्णने त्याने निगुतीने केली, पण त्या कोणत्या क्रमाने आल्या हे त्या वर्णनांतून पुरते उलगडले नाही. ते काम नंतरच्यांना पुन्हा डोंगर चढून, थर मोजत करावे लागले.

याच्या उलट कथा कच्छची. कच्छवर मला जरा जास्त वेळ थांबायचे आहे, कारण ॲमोनाइट शिकायला आपल्या देशात त्याहून चांगली शाळा नाही, आणि पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला ती एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

भुजच्या आसपास जुमारा, झुरा, हबो, कीरा असे डोंगर आहेत. तेथले थर खालून वर उचलले जाऊन घुमटाकार झाले आणि माथा झिजून गेला. त्यामुळे मध्यभागी सर्वांत जुने थर उघडे पडले आहेत. मधून बाहेर चालत निघा, नाल्याच्या काठाने, की पावलागणिक तुम्ही नव्या काळात जाता. १८३० च्या दशकात मुंबई इंजिनियर्सचे कॅप्टन ग्रँट यांनी कच्छचे पहिले भूशास्त्रीय वर्णन केले. त्यांनी जमवलेल्या जीवाश्मांची वर्णने १८४० मध्ये लंडनमध्ये छापली गेली. पण थरांची शिस्त लावली फर्डिनांड स्टोलिच्काने. मोराव्हियात जन्मलेला हा तरुण १८६२ च्या अखेरीस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात कलकत्त्याला आला, दक्षिणेतल्या अरियलूर-तिरुचिरापल्लीच्या क्रिटेशियस जीवाश्मांवर त्याने ग्रंथामागून ग्रंथ लिहिले, आणि कच्छमध्ये हिंडून ज्युरासिक थरांचे चार गट पाडले : पच्छम, चारी, कत्रोल, उमिया. जे ॲमोनाइट त्याने गोळा केले त्यांची नोंद या गटांनुसार ठेवली. १८७४ च्या जूनमध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमधल्या मुर्गो येथे, उंचीवरच्या विरळ हवेच्या आजाराने, तो छत्तिसाव्या वर्षी गेला. लेहमध्ये त्याचे दफन झाले.

त्याने जमवलेले ॲमोनाइट विल्हेल्म वागेनच्या हाती आले. वागेन हा म्युनिकमधला ओपेलचा शिष्य. १८७३ ते १८७५ या काळात त्याचा कच्छच्या ॲमोनाइटांवरचा ग्रंथ 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' या मालेत निघाला. थरांच्या नोंदी हाती असल्यामुळेच कच्छचा कोणता भाग युरोपातल्या कोणत्या झोनशी जुळतो, हे वागेनला जाती नोंदवतानाच मांडता आले. पुढे लेनर्ड स्पॅथने १९२७ ते १९३३ मध्ये सगळ्या साहित्याची फेरतपासणी केली. जय कृष्ण, धीरेंद्रकुमार पांडे, फ्रान्झ फ्युर्सिख यांच्या पिढीने पुन्हा एकेक छेद मोजला. उकल अजून चालू आहे. चारी थरांतले काही ॲमोनाइट युरोपातल्यांशी बरेच जुळतात. पुढच्या थरांत ते मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेशी अधिक जवळीक दाखवतात. साहजिकच आहे. भारत, मादागास्कर, आफ्रिका तेव्हा शेजारी होते आणि त्यांच्या मधून समुद्राची एक चिंचोळी वाट उघडत होती.

पत्ता किती नेमका लागतो, हे धोसा ऊलाइटच्या माथ्यावर कळते. चारी गटाचा हा सर्वांत वरचा भाग, गंजाच्या रंगाचा, मिलिमीटरभराहून लहान लोहयुक्त कणांनी भरलेला. त्याचा माथ्याचा थर जेमतेम हातभर जाडीचा, पण कच्छभर ओळखता येतो. तेव्हा समुद्रतळावर गाळ जवळजवळ पडतच नव्हता. पडलेला उकरला जाई, पुन्हा बसे. म्हणून त्या हातभर दगडात काही दशलक्ष वर्षांचे ॲमोनाइट एकत्र आलेले आहेत. येथे 'धोसा ऊलाइट' एवढे लिहून भागत नाही. थराच्या तळापासून किती सेंटिमीटरवर, अखंड होता की झिजलेला, आतला गाळ बाहेरच्या गाळासारखाच आहे की वेगळा, हे सगळे फील्ड डायरीत उतरावे लागते. उतारावर सुटा पडलेला नमुना कितीही देखणा असला तरी तो मोजणीत धरायचा नाही, हे मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो. मुलांचा हात नेमका त्याच्याकडेच जातो.

या काटेकोरपणातून जिवंत प्राण्याविषयी काय कळते, याचे एक उदाहरण देतो. मला ते या शास्त्रातले अत्यंत सुंदर काम वाटते.

ॲमोनाइट हे आजच्या माकुळाचे नातलग. कवच शंखासारखे वळलेले असले तरी आत पडदे असत आणि त्यांनी एकामागे एक कप्पे झालेले असत. प्राणी शेवटच्या कप्प्यात राही. मागच्या कप्प्यांतून एक नळी जाई आणि तिच्यातून पाणी शोषून घेऊन कप्पे हलके केले जात. नॉटिलस आजही असेच तरंगतो. पडदा कवचाला जेथे टेकतो ती रेषा नॉटिलसमध्ये साधी, ॲमोनाइटमध्ये मात्र पानाच्या कडेसारखी चिरत गेलेली. साच्यावर ती स्पष्ट दिसते आणि ओळख पटवायला फार उपयोगी पडते.

आता असे होई की एकाच खाणीत दोन तऱ्हेचे ॲमोनाइट मिळत. एक मोठा, तोंडाशी साधा. दुसरा लहान, तोंडाच्या दोन्ही बाजूंना लांब पाकळ्या आलेला. शंभर वर्षे त्यांना वेगळ्या जाती, कित्येकदा वेगळ्या प्रजाती म्हणून नावे दिली गेली. १९६२-६३ मध्ये पोलंडमध्ये हेन्रिक माकोव्स्की आणि इंग्लंडमध्ये जॉन कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की ही नर-मादीची जोडी आहे. पुरावा काय? दोघांची आतली, म्हणजे बाळपणीची वेटोळी सारखीच. आणि दोघे एकाच थरात येतात, वरच्या थरात दोघेही बदलतात, आणि एकाच वेळी नाहीसे होतात. पुराव्याचा हा दुसरा भाग कपाटातल्या पत्ता नसलेल्या नमुन्यांवरून कधीच उभा राहिला नसता. कुणीतरी एकेक थर वेगळा ठेवून गोळा केले होते, म्हणून पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे नर-मादी वेगळे ओळखता आले. कॅलोमन पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ॲमोनाइटांचा अभ्यास त्यांनी आवडीने केला. १९९३ मध्ये त्यांनी कच्छवर एक लेख लिहिला, तोही वागेनने नाव दिलेल्या एका ॲमोनाइटविषयी आणि जुमाऱ्याच्या ज्या चुनखडीतून तो आला तिच्या वयाविषयी.

आपल्या महाराष्ट्राचे काय, असे कुणाच्या मनात आले असेल. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टचा, आणि तापलेल्या लाव्हात शंख कुठून मिळणार? पण दोन लाव्हांच्या मध्ये तळी साचली होती. नागपूरजवळ टाकळीच्या अशा थरांतून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि वनस्पती गोळा केल्या. त्या समुद्रातल्या नाहीत, म्हणून त्यांच्यापाशी फार थांबत नाही. समुद्र पाहायचा तर नर्मदेकडे जावे. धार जिल्ह्यात बागची लेणी पुष्कळांनी पाहिली असतील. ज्या वालुकाश्मात ती कोरली आहेत त्याच्यावर चुनखडीचे थर आहेत, त्यांत ॲमोनाइट, शिंपले आणि समुद्री अर्चिन मिळतात, आणि त्या सगळ्यावर दख्खनचा लाव्हा पसरला आहे. क्रिटेशियस काळात पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता, त्याच्या या खुणा. त्यातल्या एका थराला जुन्या मंडळींनी प्रवाळाचे नाव दिले. प्रत्यक्षात तो ब्रायोझोआ या वेगळ्याच वसाहती प्राण्यांच्या तुकड्यांनी भरला आहे.

आणि दख्खनचा लाव्हा ॲमोनाइटांच्या कथेत आणखी एका ठिकाणी येतो. सुमारे ३४ कोटी वर्षे टिकलेला हा वंश क्रिटेशियसच्या अखेरीस, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलूब येथे अशनी आदळला, आणि त्याच सुमारास आपल्या पायाखालचा हा बेसाल्ट उसळत होता. कुणाचा वाटा किती, यावर चर्चा चालू आहे. नॉटिलसचे पूर्वज वाचले. त्यांची अंडी मोठी होती. ॲमोनाइटांची पिल्ले अगदी चिमुकली, पृष्ठभागाजवळ तरंगणारी, आणि समुद्राचे रसायन बिघडले तेव्हा पहिला फटका तेथेच बसला असावा. मला हे स्पष्टीकरण पटते, पण अजून ते सिद्ध झालेले नाही. अशनी की लाव्हा, या वादात एक महत्त्वाची साक्ष आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीच्या खाणींनी दिली. तेथे दख्खनच्या लाव्हांच्या मध्ये समुद्री गाळ आहे, आणि त्यात क्रिटेशियस संपल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातले फोरॅमिनिफेरा मिळाले. गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते प्रसिद्ध केले. भिंगाखाली दिसणाऱ्या एकपेशीय जिवांच्या या कवचांमुळे लाव्हाचा थेट समुद्राच्या कालगणनेशी मेळ घालता आला.

आता काळजीची गोष्ट. अरियलूरच्या परिसरात सिमेंटसाठी चुनखडी खणली जाते, कच्छमध्येही खाणी वाढत आहेत. खाणींमुळे थर उघडेही पडतात, त्यामुळे मी त्यांचा सरसकट विरोध करत नाही. उघडा पडलेला थर दगड फोडण्याआधी कुणी पाहतो का, हा माझा प्रश्न आहे. जीवाश्म विकले जातात आणि विकत घेतले जातात, पत्त्याशिवाय. भूवारसा जपण्यासाठी कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जाहीर केला. त्याच्या तपशिलावर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले, कारण कायद्याने चोरी थांबावी, अभ्यासकाचा हातोडा थांबू नये. पण कायद्याची वाट पाहण्याआधी एक काम आपल्या हातात आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत जुन्या सहलींतून आलेले कच्छचे, अरियलूरचे, बागचे जीवाश्म कपाटांत पडून आहेत. विभाग लहान होत चालले, कपाटे हलवली जातात, चिठ्ठ्या गळून पडतात. ज्या निवृत्त प्राध्यापकांना अजून आठवते की हा खोका कोणत्या सहलीचा, कोणत्या नाल्यातला, त्यांच्याजवळ बसून ते या वर्षीच लिहून घ्यायला हवे. यासाठी फार पैसा लागत नाही. दोन विद्यार्थी आणि एक जाडजूड वही पुरते.

आणि चिठ्ठी गेलेलीच असेल तर नमुना टाकू नका, आणि तो धुऊही नका. कवचाच्या वेटोळ्यांत, शिंपल्याच्या खाचेत मूळ थराचा गाळ अडकलेला असतो. चिमूटभर गाळातही फोरॅमिनिफेरा किंवा त्याहून सूक्ष्म शैवालांची कवचे मिळू शकतात, आणि त्यांवरून हरवलेला थर पुष्कळदा पुन्हा सापडतो. हौसेने ब्रश घेऊन जीवाश्म चकचकीत करणारे पुष्कळ असतात. त्यांना एवढे सांगा की आधी तो गाळ खरवडून एका कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर नमुन्याचा क्रमांक घाला, आणि मग हवे तर घासा.